अंबाड्यातली फुलं

वनिताला राग फार लवकर यायचा, आणि पेणजवळच्या जोह्याच्या त्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारखाना म्हणजे गणपतीचा. तिथं भोंगा नाही की शिफ्ट नाही. पत्र्याची लांबलचक शेड, रांगेनं मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती आणि खाली पाटांवर बसलेली माणसं. ज्याचं काम त्यानंच करायचं. अंगाचा रंग मारणारा वेगळा, दागिने सोनेरी करणारी वेगळी, आणि डोळे आखणारा तर राजाच. तो सगळ्यांत शेवटी येणार आणि चहा झाल्याशिवाय ब्रशला हात लावणार नाही. वनिता पितांबरवाली. गेली पंधरा वर्षं गणपतीच्या कमरेपासून पावलापर्यंतचं सगळं तिचं. नव्या पोरीनं चुकून तिच्या डबीत ब्रश बुडवला, तर वनिता असं काही बोलायची की त्या पोरीला दुपारचा घास गोड लागायचा नाही.

वनिता कातकरवाडीची. प्लास्टरच्या गोणी उचलायला म्हणून ती इथं आली होती. एका वर्षी ऐन घाईत पितांबर रंगवणारा आजारी पडला, तेव्हा मालक कमळाकरशेठनं तिला नुसता पिवळा रंग मारायला बसवलं. हिनं त्यावर आपल्या मनानं काठ काढला. शेठ आधी तणतणला. मग दारात आलेल्या गिऱ्हाईकानं शंभर मूर्तींतून नेमकी तीच उचलली, आणि शेठचं तोंड बंद झालं. त्या दिवसापासून गोणी दुसऱ्यांच्या पाठीवर गेल्या.

त्याआधी ती आणि तिचा नवरा दत्ता वीटभट्टीवर जात. दिवाळी झाली की मुकादम वाडीवर जोड्या गोळा करायला यायचा. जोडी म्हणजे नवरा-बायको. एकट्याला कोणी घेत नाही, कारण एकानं चिखल तुडवायचा आणि दुसऱ्यानं साचा मारायचा. तिथं वनिताची मुलगी गेली. दोन वर्षांची होती. सकाळी अंग गरम लागलं म्हणून वनितानं तिला विटांच्या आडोशाला निजवलं आणि पुन्हा साच्यावर बसली, कारण दिवसाच्या हजार विटा पुऱ्या व्हायच्या होत्या. दुपारी बघायला गेली तर पोर उठेना. शेताच्या बांधाला तिला पुरली. पुढच्या वर्षी गेली तर तिथं बांधच नव्हता. माती कमी पडली म्हणून तेवढं सगळं रान खणून नेलं होतं. आपल्या लेकराची माती कुणाच्या भिंतीत गेली, हे कोणाला विचारायचं? वनितानं तिथल्या तिथं बोचकं बांधलं आणि दत्ताला सांगितलं, मेले तरी परत भट्टीवर पाय ठेवणार नाय.

तो शब्द तिनं पाळला होता. पण तो आपल्या हिमतीवर नव्हे, कारखान्याच्या कामावर टिकलाय, हेही तिला माहीत होतं. मुकादम अजून दर दिवाळीला यायचा. दत्ता भातशेतीत मजुरीला जायचा आणि मुकादमाला सांगायचा, आमची जोडी नाय, बाईला काम हाय. बाईचं काम गेलं असतं, तर हे सांगायला त्याला तोंड राहिलं नसतं.

आणि नेमकं तेच काम जायला निघालं. दोन वर्षांपूर्वी खूळ निघालं, गणपतीला खरं कापडी धोतर नेसवायचं. खरा शेला, खरा फेटा. पहिल्या वर्षी दहा मूर्ती झाल्या, दुसऱ्या वर्षी निम्मा कारखाना. आता मूर्ती कमरेखाली कोरीच ठेवायची, वर कापडाच्या निऱ्या चिकटवायच्या. मग पितांबरवाली कशाला? वनिता मूर्ती पुसायला लागली. पंधरा वर्षांची कारागीर हातात फडकं घेऊन फिरतेय, हे बघून लोक नजर चुकवत, आणि ती नजर चुकवली की हिचं डोकं फिरे.

कमळाकरशेठ माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर पौषातच सांगून मोकळा झाला असता. त्यानं तिला बोलावलं, बराच वेळ कान खाजवला आणि म्हणाला की बाजारातलं कापड सगळ्यांच्याच मूर्तींवर दिसतं. पुण्याचं गिऱ्हाईक विचारतं, तुमचं वेगळं काय? तेव्हा आपल्या कारखान्याचं आपलं कापड छापून घ्यायचं, भिवंडीला एक छापणारा आहे. नक्षी वनितानं काढावी. पास झाली तर कापडाचं सगळं काम तिच्याकडं.

"आणि नाय झाली तर?" वनितानं विचारलं.

शेठनं पुन्हा कान खाजवला. उत्तर मिळालं.

आठ दिवस ती कागदावर काठ काढत बसली. कमळ, कोयरी, वेल, पुन्हा कमळ. शेठचा मुलगा हितेश कॉम्प्युटर शिकलेला. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला की हे सगळ्यांकडं आहे. वनिताला वाटलं, ह्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची डबी उपडी करावी. पण घरी जाताना तिला कबूल करावं लागलं की पोरगा खोटं बोलत नव्हता. तिच्या हाताला येत होत्या चार गोष्टी, आणि त्या चारही तिनं दुसऱ्यांच्या मूर्तींवर पाहून उचललेल्या. स्वतः डोळ्यांनी बघून तिनं कधी काही काढलंच नव्हतं.

तिची धाकटी बहीण पारी रोह्याजवळच्या एका वाडीत दिलेली. तिचा नवरा, वाळू नावाचा, मिळेल ते काम करायचा, आणि पारी एका कंपनीच्या कॉलनीत बागेला रोजंदारीवर होती. दोन वर्षांची भूमिका म्हणून एक पोरगी होती, ती शेजारच्या म्हातारीकडं टाकून पारी कामाला जायची. माघाच्या मध्यावर तिचा फोन आला. कॉलनीत फुलांचं प्रदर्शन आहे, टेम्पो भरभरून कुंड्या आल्यात. ताय, तू येच, अशी फुलं तू सपनात बघितली नसशील, असं तिचं आपलं चालू. वनितानं शेठकडून एक दिवस मागून घेतला आणि पेणहून रोह्याची एसटी धरली.

पारी हिरवा डगला घालून फाटकातच उभी होती. पाहुण्यांना आत सोडत होते, पण मजुरांच्या नातेवाइकांना सोडतात की नाही हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पारीनं बहिणीच्या हातात झाडू दिला आणि तिला सरळ आत नेली. झाडू हातात असला की माणसाला कोणी विचारत नाही.

आत गेल्यावर वनिताची बडबड बंद झाली. हिरवळीच्या पलीकडं मातीचा उतार केला होता, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत नुसती फुलं. पिवळ्याजर्द झेंडूची एक धार, तिच्या अंगाला लालभडक साल्विया, आणि मधून एक जांभळा पट्टा वळत वळत खाली आलेला. जवळ गेली तेव्हा कळलं की तो पट्टा म्हणजे कर्ण्यासारखी फुलं, एकेक अगदी पातळ, जांभळ्याला पांढरी कड, आणि आत गळ्याशी काळपट शिरा. पारीनं नाव सांगितलं, पिटुनिया. कुंडी एकही दिसत नव्हती, पानही दिसत नव्हतं. सगळ्या फुलांची तोंडं बघणाऱ्याकडं. उतार जिथं फुगत होता तिथं फुलं दाटत होती, आणि खोलगट जागी रंग गडद होऊन दिसेनासा होत होता.

वनिता मांडी घालून खालीच बसली. तिला तिथं उतार दिसेना. तिला बसलेल्या मूर्तीचा गुडघा दिसला, त्यावरून ओघळलेलं धोतर दिसलं. असं पितांबर आपण पंधरा वर्षांत एकदाही का काढलं नाही, ह्याचं तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. पिशवीतलं जुनं कॅलेंडर काढून तिनं त्याच्या पाठीमागं पेनानं ओढायला सुरुवात केली. फुलांपुढं बांधलेल्या दोरीच्या अलीकडून, समोरून, जेवढं दिसलं तेवढं सगळं. दोन पानं भरली. मग बक्षिसं ठरवायला साहेबांच्या बायका आल्या आणि पहारेकऱ्यानं तिला उठवलं. एरवी तिनं त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली असती. त्या दिवशी ती शहाण्यासारखी उठली.

परतल्यावर तिनं जे केलं त्यात कारखान्यातल्या एकालाही काही चुकीचं दिसलं नाही, शेठलासुद्धा. तीन फुटांची एक बसलेली मूर्ती घेतली, तिला पांढरं सुती धोतर नेसवलं, निऱ्या टाचण्यांनी पक्क्या केल्या, आणि त्या नेसवलेल्या कापडावर रंगवायला बसली. पितांबर असंच रंगवतात. मूर्तीवर चुण्या असतातच, उंचवट्यावर फूल काढायचं, खोलात गडद रंग भरायचा. सोळा दिवस तिनं मान वर केली नाही. कमरेपासून जांभळी धार निघाली, मांडीवर पसरली, गुडघ्यावर दाटली आणि वळून पावलापाशी पिवळ्यात मिळाली. चुणीत शिरणारं फूल अर्धंच, बाकीचं आत गेलंय असं वाटावं. दत्ताला जेवायला काय मिळतं, मिळतं की नाही, ह्याची तिला शुद्ध नव्हती.

काम झालं आणि आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसं बघायला आली. डोळे आखणारा आला आणि चहा न पिताच पाहत राहिला. ह्याहून मोठी पावती जोह्यात मिळत नाही. शेठनं मूर्तीपुढं नारळ ठेवला. वनिता त्या दिवशी कुणावर ओरडली नाही. नव्या पोरीनं तिच्या डबीत ब्रश बुडवला तरी नाही.

दुसऱ्या दिवशी भिवंडीचा छापणारा आला. मूर्ती पाहून तो मान हलवत म्हणाला, छान आहे, आता कापड काढा, सपाट करून द्या. हितेशनं टाचण्या काढल्या. वनितानं स्वतः धोतराची टोकं धरली आणि चटईवर पसरलं.

चटईवर फुलं नव्हती. फुलांचे तुकडे होते. इथं अर्धं, तिथं पाव, मध्ये हातहातभर पांढरे पट्टे, कारण चुणीच्या पोटात रंग गेलाच नव्हता. सावलीचे गडद ओरखडे भलत्याच जागी पडलेले. गुडघ्यावरची दाट फुलं एका कोपऱ्यात गोळा झालेली, बाकी कापड भुंडं. कापड उलगडतं, हे तिला ठाऊक नव्हतं का? साडी काय ती रोज नेसत नव्हती? पण पंधरा वर्षं तिनं जे कापड रंगवलं ते दगडासारखं घट्ट होतं, ते कधी कोणी सोडलं नव्हतं, धुतलं नव्हतं, उलटं केलं नव्हतं. दिसतं तेवढं रंगवायचं, बाकीचं नसतंच. छापणारा हसला. वाईट हसला नाही, पण हसला. तो म्हणाला की नक्षी अशी पाहिजे की एक तुकडा दुसऱ्याला जोडला तर कुठं तुटता कामा नये, आणि फुलं सगळ्या बाजूंनी पाहिजेत, पाठमोरी, आडवी, कळ्या, पानं. सगळीच तोंड वर करून बसली तर शिक्के मारल्यासारखं दिसेल.

वनितानं शेठकडं पाहिलं. शेठचा हात कानाकडं चालला होता. तो तिथं पोचायच्या आत ती म्हणाली, "आठ दिवस द्या. सपाट काढते."

शेठनं दिले.

आता आली पंचाईत. त्या फुलाचं तोंड तिला पाठ होतं, पण पाठ कशी असते? देठ कुठं लागतो? पान कसलं? दोरीच्या अलीकडून ह्यातलं काहीच दिसलं नव्हतं. हितेशनं मोबाइलवर फोटो दाखवले, पण बहुतेकांत फूल समोरूनच बघत होतं, आणि बोटाएवढ्या चित्रावरून तिचा हात चालेना. तिला फूल हातात धरून फिरवायचं होतं. तिनं पारीला फोन लावला.

पारी आधी नको म्हणाली. प्रदर्शन संपून पंधरा दिवस झाले होते, उरलेल्या कुंड्या साहेबांच्या बंगल्यांपुढं मांडल्या होत्या, आणि मजुरानं फूल तोडायचं नाही असा ठेकेदाराचा नियम होता. मागं एकीला त्यावरून काढलं होतं. वनिताला हे ऐकायचंच नव्हतं. दिवस सरत होते, मग जिभेला हाड राहिलं नाही.

"तुला काय गो," ती म्हणाली. "तू बसली हाय साहेबांच्या सावलीत. माझी पोर भट्टीनं खाल्ली, तुझी नाय. चार फुलं मागतेय मी, तुझं घर नाय मागत."

मग पारी म्हणाली, "बघते."

चौथ्या दिवशी दुपारी पारी जोह्याला आली. कामाच्या दिवशी, भरदुपारी, काखेत भूमिकाला घेऊन. पदराच्या गाठीतून तिनं फुलं काढली. पाच फुलं, दोन कळ्या, पानांचा एक शेंडा. सगळं चेंगरलेलं, एकाला तर चहाची भुकटी चिकटलेली. वनितानं हातात घेऊन पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"एवढी चिरडून आणलीस? नीट धरायला काय झालं होतं?"

पारीनं भूमिकाला खाली उतरवलं. पाणी प्यायली. काम कसं नाही आज, असं वनितानं विचारलं खरं, पण तोवर ती फुलाची पाकळी नखानं सोडवून देठाकडं बघत होती, आणि पारीनं काय उत्तर दिलं ते तिच्या ध्यानात राहिलं नाही. भूमिका रंगाच्या डबीत हात घालायला निघाली तेव्हा वनितानं तिला दटावलं. मग कधीतरी पारी निघून गेली.

पण चिरडलेल्या फुलांनी काम केलं. फूल पाठीमागून फिकट असतं, कर्ण्याच्या नळीवर हिरवट रेघा असतात, कळी छत्री मिटल्यासारखी पिळलेली असते, पान जरा लवदार. वनितानं चटईवर कागद पसरला आणि फुलं सगळ्या बाजूंनी वळवली. कुणी वर बघतंय, कुणी खाली मान घातलेली, कुणी शेजारणीच्या आड लपलेली. कडेशी धार तुटणार नाही असं जुळवायला तिनं कागद मधून कापला आणि टोकं उलट जोडून पाहिली. ती युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती. आठव्या दिवशी छापणाऱ्यानं कागद पाहिला आणि या खेपेला हसला नाही. शेठनं तिथंच सांगितलं, आता कापडाचं सगळं वनिता बघेल. हाताखाली दोन पोरीही दिल्या.

त्या संध्याकाळी तिनं दत्ताला सांगितलं की दिवाळीला मुकादम आला तर त्याला दारातूनच हाकल. दत्ता हसला. कितीतरी वर्षांनी तिला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

होळी झाल्यावर भिवंडीहून पहिला गठ्ठा आला. वनितानं त्यातलं दोन हात कापड शेठकडून मागून घेतलं. भूमिकाला परकर शिवायचा, आणि पारीला सांगायचं, तुझीच फुलं हाईत गो. फोन लावला तर बंद. मग रविवारी तिनं सरळ रोह्याची एसटी धरली.

पारीच्या झोपडीच्या दाराला काटेरी फांदी बांधलेली होती. वनिता बघतच राहिली. शेजारची म्हातारी बाहेर आली, तिनं हिला ओळखलं आणि विचारलं, तुला म्हायतीच नाय?

म्हातारीनं सगळं सांगितलं. पारीनं फुलं तोडून अंबाड्यात खोवली होती. वरून पदर घेतला होता. आदिवासी बाईच्या डोक्यात फूल, त्यात काय नवल, कोण बघणार, असा तिचा हिशेब. पण फाटकातल्या पहारेकऱ्यानं पदर काढायला लावला. मग अंबाडा सोडायला लावला, चार माणसांदेखत. ठेकेदार आला आणि म्हणाला, तुमची जातच चोर. उद्या बंगल्यातून काही हरवलं तर तुझंच नाव येईल, असं म्हणून त्यानं त्याच क्षणी तिचा डगला काढून घेतला आणि तिला कामावरून काढलं. फुलं पहारेकऱ्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकली. पारी फाटकाबाहेर गेली, परत फिरली, डब्यात हात घालून ती फुलं उचलली आणि त्याला म्हणाली, टाकलेलं तर नेऊ देशील? आणि तशीच घरी येऊन, पोर उचलून, बहिणीकडं गेली.

"तिथून आली ती गप्पच," म्हातारी म्हणाली. "वाळूचं बी काम नव्हतं. गडबजवळच्या भट्टीवरची एक जोडी पळाली होती, मुकादम आला, ही दोघं गेली."

वनिताला आठवली ती चहाची भुकटी. आपण तोंड वाकडं केलं होतं. आपल्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं, आणि तिथं म्हातारी नसती तर तिनं मारलीही असती.

परतीच्या एसटीतून ती गडबला उतरली. थांब्याला लागूनच दोन हॉटेलं, एक पंक्चरवाला आणि त्याच्या पलीकडं हिरवी जाळी लावलेलं रोपांचं दुकान. जाळीखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा, आणि एका रांगेत तीच फुलं. जांभळी, पांढऱ्या कडेची. वनितानं दुकानदाराला विचारलं की ही कितीला. त्यानं सांगितलं. दोन माणसं समोरच्या हॉटेलात चहा-वडा खातात तेवढ्याला. वर्षातले कितीतरी दिवस ती ह्या रस्त्यानं गेली असेल, पण फूल विकत मिळतं, आपण जाऊन मागितलं तर देतात, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. पारीच्याही नाही. त्यांच्याकडं फूल रानातलं असतं, कुंपणावरचं असतं, नाहीतर दुसऱ्याचं असतं. "देऊ का?" असं दुकानदारानं दोनदा विचारलं. ती भट्टीच्या वाटेनं चालायला लागली.

भट्टी हमरस्त्यापासून आत होती. अर्धी वाट गेल्यावर वास आला, आणि तिचे पाय आपोआप थांबले. शेताच्या कडेला उंचवटा होता, तिथपर्यंत ती कशीबशी गेली. खाली खणलेलं रान, ओल्या विटांच्या ओळी, धुराचा ढीग. वाळू गुडघाभर चिखल तुडवत होता. पारी उकिडवी बसून साचा मारत होती, भरला, थापला, उलटा केला, उचलला, पुन्हा भरला. कोपरापर्यंत हात मातीचे. विटांच्या चवडीच्या आडोशाला, तेवढ्याच सावलीत, गोणपाटावर भूमिका झोपली होती.

वनितानं वरूनच हाक मारली. पारीनं मान वर केली. दचकली, मग उठून उंचवट्यापाशी आली.

"तू कशाला आली हिकडं?" ती म्हणाली. "तुला सोसत नाय ना."

वनितानं पिशवीतून कापड काढलं. तिला बरंच बोलायचं होतं. एसटीत तिनं सगळं जुळवलं होतं, पाया पडायचं, शेठला सांगून तुला कारखान्यात लावते म्हणायचं. पण शेठला आणखी माणूस नको होतं, हे तिनं आधीच विचारून ठेवलं होतं, सहज म्हणून, दुसऱ्या कुणासाठी. पारीनं कापडाकडं पाहिलं. हात माखलेले म्हणून ती शिवली नाही, नुसती वाकून पाहत राहिली. तोंडं, पाठी, कळ्या.

"पुरं आलं गो फूल," ती म्हणाली. तिला खरोखर आनंद झाला होता. वनिताला तेच सहन झालं नाही.

"सांगितलं का नायस मला? त्याच दिवशी का नाय सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू काम टाकून आली असती भट्टीवर?" पारी शांतपणे म्हणाली. "तू नाय तर मी. आपल्यातलं कुणीतरी येनारच होतं."

मागून मुकादमानं आवाज दिला. पारी वळली. ह्या तासाच्या विटा राहिल्या होत्या.

वनिता उंचवट्यावर उभी राहिली. मग तिनं चप्पल काढली आणि खाली उतरली. पावलाला गरम माती लागली. चवडीपाशी जाऊन तिनं भूमिकाच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तरी तिनं तिला उचललं, त्या नव्या कापडात गुंडाळलं आणि साच्याजवळून जाताना पारीला म्हणाली, "हिला मी नेते. काम सुटंपर्यंत माझ्याकडं ऱ्हाईल."

पारीनं हातातली वीट खाली ठेवली. पोरीला घ्यायला हात पुढं केले, ते मातीचे होते म्हणून मागं घेतले. मग पुन्हा साचा भरायला लागली आणि मान वर केली नाही.

पोर जागी झाली ती वाटेत. आई दिसेना म्हणून तिनं जो हंबरडा फोडला तो गडबच्या थांब्यापर्यंत, एसटीत चढेपर्यंत, वडखळ मागं पडेपर्यंत थांबला नाही. वनिताच्या छातीवर ती मुठी मारत होती, कापड ओरबाडत होती. माणसं वळून वळून बघायला लागली. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि वैतागून म्हणाला, "अहो बाई, गप करा तिला. आई कुठाय हिची?"

"भट्टीवर," वनिता म्हणाली. "माझ्यापायी."